दोन रेघांची तक्रार

लिफ्ट बंद होती आणि माझ्या हातात तीनशे पानांचा गठ्ठा होता. जिन्यापाशी उभी राहून मी मनातल्या मनात चार मजले मोजत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "माफ करा, तक्रार कुठे करायची असते?"

मी वळले. बाहेर मघापासून रिपरिप चालू होती. त्याच्या रेनकोटवरून पाणी ठिबकत होतं आणि हातातल्या पांढऱ्या काठीच्या टोकाशी फरशीवर लहानसं तळं झालं होतं. असेल तिशीचा. माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे बघून तो हसत होता... म्हणजे बघत नव्हताच.

"कोणाबद्दल तक्रार?" मी विचारलं.

"चौथ्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअर कंपनीबद्दल. तीन मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. म्हटलं, आपणच जाऊन यावं."

चौथ्या मजल्यावरची कंपनी म्हणजे आमचीच. मी घसा साफ केला. "तिथे तक्रारीचं असं टेबल नाहीये."

"मग लोक काय करतात?"

"लोक... येतच नाहीत."

"चला, म्हणजे रांग तरी नसेल."

मला हसू आलं. त्याला मदत करावी म्हणून मी पुढे झाले आणि त्याचं कोपर धरून पहिल्या पायरीकडे ओढलं. तो जागचा हलला नाही.

"असं नाही," तो हळूच म्हणाला. "असं धरलं की पोलिसांनी पकडल्यासारखं वाटतं. मी तुमचं कोपर धरतो, तुम्ही नेहमीसारख्या चाला."

"पण माझ्या हातात गठ्ठा आहे."

"मग तो द्या माझ्याकडे. उचलायला डोळे कशाला लागतात?"

त्याने काठीची घडी करून ती खिशात घातली, गठ्ठा काखेत मारला आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्या कोपराला टेकवली. टेकवली एवढंच – धरली म्हणण्याइतकीही नाहीत. पण चार मजले माझं सगळं लक्ष त्या चार बोटांवरच होतं.

"जड आहेत हो कागद," तिसऱ्या मजल्यावर तो म्हणाला. "कसले आहेत?"

"मॅन्युअलची पानं. टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरची."

तो थांबला. "म्हणजे मी माझी तक्रार स्वतःच वर वाहून नेतोय."

या पानांबद्दल आधी सांगायला हवं. आमचे प्रोग्रॅमर प्रोग्रॅम लिहिता लिहिता त्यातच चार ओळींच्या नोंदी करून ठेवत. त्या नोंदी एका दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घातल्या, की तिकडून मॅन्युअलची पानं आपोआप तयार होऊन पडत. त्या प्रोग्रॅमला ऑफिसात सगळे 'गिरणी' म्हणायचे. आणि गिरणीतून काय येईल त्याचा नेम नसे. कुठे ओळ मध्येच तुटलेली, कुठे दोन उदाहरणं एकमेकांत मिसळलेली, कुठे यादीतले आकडे गायब. ते सगळं निस्तरणं हे माझं काम. आधी मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचे, त्यामुळे इथे आल्यावर आठवड्याभरातच माझं नाव 'वेलांटी' पडलं. बिचारी वेलांटी, कोणी वाचत नाही ती पानं नीट करत बसते, असं सगळे प्रेमानेच म्हणायचे. मलाही ते पटत चाललं होतं.

साहेब त्या दिवशी बाहेर गेले होते. मी त्याला प्रिंटरशेजारच्या माझ्या टेबलापाशी बसवलं आणि म्हटलं, "सांगा तुमची तक्रार. ती पानं माझ्याकडेच असतात."

"तुमच्याकडे?" तो एकदम सावरून बसला. "मग मी बोलायची गरज नाही. हे ऐका."

तो मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होता. त्याच्या बॅगेत लॅपटॉप होता, आणि पडद्यावरचं सगळं त्याला एक यांत्रिक आवाज वाचून दाखवत असे. त्याने इअरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं आणि दुसरं हवेत धरलं. मी ते घेतलं. वायर आखूड होती, त्यामुळे मला खुर्ची सरकवावी लागली.

आणि मी माझं पान पहिल्यांदा ऐकलं.

'एन एन ए ए एम एम ई ई,' आवाज म्हणाला.

"हा मथळा," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं मॅन्युअल प्रत्येक मथळ्याला अडखळतं. मी आधी समजत होतो माझंच मशीन बिघडलंय."

मला कारण लगेच कळलं. अक्षर ठळक दिसावं म्हणून गिरणी एक जुनी युक्ती करायची – अक्षर छापायचं, एक घर मागे यायचं आणि त्यावरच तेच पुन्हा छापायचं. डोळ्यांना ते ठळक दिसतं. आवाज मात्र जे आहे ते इमानदारीत दोनदा वाचतो.

"आणि हे तर फारच वाईट," तो म्हणाला. "लाइन दुसरीकडे वळवायची आज्ञा आहे ना, तिच्या आधी दोन रेघा लागतात. पानात एकच लांब रेघ आहे. एक रेघ मारून बघितलं तर प्रोग्रॅम भलतंच काहीतरी समजतो. मी आधी आतल्या रिकाम्या लाइनवर करून बघतो म्हणून वाचलो."

माझे कान तापले. ते पान मी पाहिलं होतं. लांब रेघ दिसायला इतकी ठाकठीक होती, की नजर तिच्यावरून घसरून गेली होती.

"मी दुरुस्त करते," मी म्हटलं. "सगळंच."

"कधीपर्यंत?"

"एकेक पान करून तुम्हाला पाठवते. तुम्ही ऐका आणि सांगा."

"म्हणजे तक्रार नोंदवून घेतलीत."

"हो. तुमचं नाव 'तक्रारदार' असंच लिहिलंय."

"चालेल," तो म्हणाला. "आणि तक्रार कोणी घेतली म्हणून सांगू?"

"वेलांटी."

त्याने ते नाव दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. जिना उतरताना पुन्हा चार बोटं, पुन्हा चार मजले... या वेळी जरा लवकर संपले.

पुढचे दोन महिने रोज दुपारी दीड वाजता फोन वाजायचा. माझ्या जेवणाची वेळ, त्याची सुट्टीची वेळ.

"पान सतरा. मथळा न अडखळता वाचला. उदाहरणं सुटी झाली. पण तिसऱ्या ओळीत वाक्य अर्ध्यात मेलंय."

"मेलं नाहीये, पुढच्या पानावर गेलंय."

"मग त्याला परत बोलवा. आणि तुम्ही आत्ता हसताय."

"नाही. डबा खातेय."

"अरेरे. सिनेमातल्या आंधळ्यांना आवाजावरून सगळं कळतं. माझी दहातली सहा उत्तरं चुकतात."

असा होता तो. एकदा त्याने सांगितलं, की फोनवर लोक रुग्णाचं नाव सांगण्याआधी श्वास कसा घेतात, त्यावरून बातमी चांगली की वाईट ते त्याला थोडंफार समजतं. घाईतल्या माणसाशी तो मुद्दाम हळू बोलायचा. "मी घाई केली की त्यांचा धीर अजूनच सुटतो," तो म्हणायचा. मी पानं दुरुस्त करताना आता डोळे मिटून ओळ मनात म्हणून बघायला लागले. कुठे श्वास अडतो, कुठे शब्द आपटतो ते कळायचं. माझं काम एकाएकी कोणासाठी तरी झालं होतं... आणि तो कोणीतरी रोज दीड वाजता फोन करत होता.

"हल्ली डबा अर्धा तसाच परत येतो," आई म्हणाली. "दुपारी फोन लावला तर लाइन बिझी. बोलत काय असतेस एवढं?"

"कामाचंच गं."

"नुसतं कामाचं असेल तर ऑफिसला निघताना कोणी आरशासमोर इतक्यांदा केस नीट करत नाही," आई म्हणाली आणि धुतलेले कपडे वाळत घालायला गॅलरीत निघून गेली.

आणि मग एका सोमवारी फोन आला नाही.

मंगळवारीही नाही. बुधवारी मी सरळ हॉस्पिटलचा नंबर फिरवला. पलीकडून बाईचा आवाज आला. मी त्याची चौकशी केली, तर ती जरा घुटमळली. "ते आता टेलिफोनच्या बोर्डावर नसतात," ती म्हणाली. "सोमवारी काहीतरी झालं. बाहेरून येणाऱ्या सगळ्या लाइनी नऊ मिनिटं बंद पडल्या. नशीब, कोणाचं काही बिघडलं नाही. पण चौकशी लागलीये. वरचे म्हणतात, नवीन सिस्टिम त्यांना झेपायची नाही."

मी फोन ठेवला. सोमवारी आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्यांच्याकडे बसवली होती. मी तिच्यासोबत गेलेली पानं उघडली. पान चाळीस, लाइन वळवायची आज्ञा.

एकच लांब रेघ.

मी सतरावं पान उघडलं, मग तिसावं, मग सगळीच. नव्या आवृत्तीसाठी कोणीतरी गिरणी पुन्हा चालवली होती, आणि दोन महिन्यांत मी हाताने केलेली एकूण एक दुरुस्ती पुसली गेली होती. मला कोणी सांगितलंही नव्हतं. सांगायचं कोणाच्या मनात येणार? ती पानं कोण वाचतं?

ती एक रेघ मारली, की प्रोग्रॅम पुढचा शब्द एकसंध न वाचता त्यातली अक्षरं सुटी करून वाचायचा. आणि त्या शब्दातलं पहिलंच अक्षर 'बाहेरच्या सगळ्या लाइनी बंद' असं सांगणारं होतं.

मी दोन्ही पानं छापली आणि साहेबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं तीच खुर्ची सांभाळताना सावध झाला होता, इतकंच.

"म्हणजे आपल्या पानात चूक होती," ते म्हणाले.

"हो. आणि ते आपण हॉस्पिटलला लेखी कळवायचं."

"लेखी?" ते खुर्चीत मागे टेकले. "वेलांटी, अगं, एका रेघेसाठी आपण होऊन गळ्यात धोंडा बांधून घ्यायचा?"

"साहेब, तिथल्या आंधळ्या ऑपरेटरला बोर्डावरून उठवलंय. आपण गप्प बसलो, तर त्याला दिसत नाही म्हणून झालं असंच सगळे धरून चालतील. त्याने पानात होतं तेच केलं. आपली पानं वाचणारा एवढा एकच माणूस आहे, आणि वाचली म्हणून त्याला शिक्षा झाली."

त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहिली. मी म्हटलं, "माझ्या सहीने पाठवते."

"नको," ते म्हणाले. "तुझ्या सहीने गेलं तर उद्या तुझी नोकरी जाईल. पत्र माझ्या सहीने जाईल. पण ती गिरणी ताबडतोब दुरुस्त कर. पुढच्या आवृत्तीत हेच पुन्हा झालं, तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

गिरणीला सात वर्षांत कोणी हात लावला नव्हता. ती लिहिणारा कधीच सोडून गेला होता. मला प्रोग्रॅम वाचता येतो तो जेमतेम, पण मी ओळीवर बोट ठेवून मुद्रित तपासावं तशी तपासत गेले. अडलं की शेजारच्या प्रोग्रॅमरला विचारायचं. तोही बिचारा सगळं सोडून यायचा. अकराव्या दिवशी ती ओळ सापडली. तिच्यावर त्या जुन्या माणसाने टीप लिहून ठेवली होती – 'दोन बारक्या रेघा वाईट दिसतात. एक लांब रेघ सुंदर दिसते.'

मला त्याचा राग येईना. त्याला फक्त पान सुंदर करायचं होतं.

मी ती ओळ काढून टाकली. मग ठळक अक्षरांची युक्ती काढली. मग उदाहरणं एकत्र करणारी ओळ. गिरणी पुन्हा चालवली आणि एकेक पान कानाने तपासलं. पहिल्यांदाच पानं कोणी हात न लावता सरळ बाहेर आली होती.

साहेबांचं पत्र तोवर केव्हाच गेलं होतं. त्याची एक प्रत घेऊन मी दुपारच्या सुट्टीत हॉस्पिटलला गेले. तो चौकशीच्या खिडकीमागे एका खुर्चीवर बसला होता. टेबल रिकामं. काम काहीच नाही, नुसतं बसायचं.

"मी आहे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा वळला. हसला नाही. "पत्र आल्याचं कळलं. चौकशी बंद होतेय. आभार."

"तुम्ही फोन का नाही केलात?"

"काय सांगायला? तक्रार म्हणून?"

त्याचा हा सूर मी कधी ऐकला नव्हता. मी समोरच्या बाकावर बसले. "रागावला असाल तर रागवा. चूक माझीही आहे. मी दोन महिने फरशी पुसत राहिले, वरचा गळका नळ कधी बघितला नाही. आता बघितलाय. गिरणीच दुरुस्त केली."

कॉरिडॉरमधून कोणाचीतरी ट्रॉली खडखडत गेली.

"मी तुमच्यावर रागावलोच नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "स्वतःवर. मी कुठलीही आज्ञा आधी रिकाम्या लाइनवर करून बघतो, गेली आठ वर्षं. त्या दिवशी नाही केली. म्हटलं, नव्या आवृत्तीत एकच रेघ झाली असेल... हे पान वेलांटीने तपासलंय."

मी बाकावर पुढे सरकले.

"कोणावर इतका भरवसा टाकायची मला सवय नाही," तो म्हणाला. "पडलो तर लागतं फार."

"मग पुन्हा टाकू नका," मी म्हटलं. "दोनदा तपासा. दहादा तपासा. फोन करून चुका काढा. पण फोन करा."

आता तो हसला. थोडंसंच, एका बाजूने. "उद्या दीड वाजता?"

"मागचे तीन आठवडे बाकी आहेत. व्याजासकट."

आठवड्याभरात तो पुन्हा बोर्डावर गेला, आणि इकडे मला आईशी बोलावं लागलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मटार सोलता सोलता तिचा हात थांबला. "दिसत नाही म्हणतेस... अजिबात?"

"उजेड आणि अंधार कळतो, इतकंच."

"मग त्याने तुझ्यात बघितलं काय?"

आईलाच मग हसू फुटलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. "मी वाईट म्हणून नाही विचारत गं. तुझ्या काळजीने विचारते. उद्या घरात, रस्त्यात, सगळं तुझ्यावर पडेल."

"आई, तो रोज दोन बस बदलून कामाला जातो. त्याचा स्वयंपाक तोच करतो. मला अजून गोल पोळी लाटता येत नाही."

"ते मात्र खरं," आई म्हणाली आणि पुन्हा मटार सोलायला लागली. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी माझी अर्धी रजा होती. मी एक्स्चेंजच्या खोलीत गेले. लहानशी खोली, एक खिडकी, दोन बोर्ड. दुसऱ्या बोर्डावर त्या दिवशी फोनवर बोललेली बाई होती. तिने मला तिची रिकामी खुर्ची दाखवली आणि स्वतः चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभी राहिली, कानाला यंत्र तसंच ठेवून.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "आज एक गंमत झाली. सकाळी एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, गुडघा दुखतो, डॉक्टर कधी भेटतील..." बोर्डावर दिवा लागला. "नमस्कार, हॉस्पिटल. हो, जोडून देतो... मी वेळ सांगितली. तर त्यांनी फोन ठेवलाच नाही."

"मग?"

"म्हणाल्या, मी काय म्हणते, तुमचा आवाज चांगला आहे, शिक्षण किती झालंय?"

मी डोळे मिटून घेतले. 'मी काय म्हणते' असं म्हणून गोष्ट सुरू करणारी एकच बाई माझ्या ओळखीची होती, आणि तिचे गुडघे ठणठणीत होते.

"मग विचारलं, घरी कोण कोण असतं, जेवायला काय काय करता येतं... नमस्कार, हॉस्पिटल. तिसरा मजला, जोडतो... मला तर घाम फुटला. त्यांनी पोळ्या गोल होतात का तेही विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. की मी चाचपून बघतो, गोलच लागतात." तो थांबला. बोर्डावरचे दिवे क्षणभर शांत होते. "शेवटी विचारलं, लग्नाचं काय. मी म्हटलं, एक मुलगी आहे. मला फार आवडते. पण अजून तिला विचारलेलं नाही."

खिडकीपाशी चहाचा घोट घेताना कोणाला तरी ठसका लागला.

"मग त्या काय म्हणाल्या?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"म्हणाल्या, मग विचारा की. वाट कसली बघता?" त्याने हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. "मी ऐकायला सरावलोय. विचारायला नाही. त्यामुळे चुकलं तर..."

"चुकलं तर मी दुरुस्त करते," मी म्हटलं. "विचार ना."

'विचार' म्हटलं होतं मी. 'विचारा' नाही. त्याला ते ऐकू गेलं. त्याचा सगळा चेहराच बदलला.

"माझ्याशी लग्न करशील?"

नेमका तेव्हाच बोर्डावर दिवा लागला, आणि पाठोपाठ दुसरा. त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला... आणि मध्येच थांबला.

"मी घेते दोन्ही," खिडकीपाशची बाई घाईघाईने म्हणाली. तिने कप खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच हात लांब करून बटण दाबलं. "नमस्कार, हॉस्पिटल. हो, बोला."

मी त्याच्या तळव्यावर माझा हात ठेवला. या वेळी त्याने बोटं नुसती टेकवली नाहीत, घट्ट मिटली.

"हो," मी म्हटलं. आणि तो ऐकत राहिला होता, म्हणून पुन्हा एकदा, जरा हळू, "हो."